क्रिकेट अकादमी सुरू करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकादमी काढायची म्हटलं की आधी जागा, मग नेट, मग प्रवेशद्वारावरचा फलक, असा विचार सुरू होतो आणि मुलं यादीत सर्वांत शेवटी येतात. मुलांना शिकवायला लागल्यापासून नव्याने अकादमी काढणाऱ्यांनी आणि पालकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांमध्ये माझी मतं भरपूर आहेत, ती खुशाल खोडा. सुरक्षिततेच्या नियमांत मात्र तडजोड करू नका.

मी स्वतः मोठ्या पातळीवर खेळलेलो नाही. तरी अकादमी काढू शकतो का?

काढू शकता. खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चांगल्या फलंदाजाला आपला कव्हर ड्राइव्ह नेमका कसा बसतो हे बरेचदा सांगता येत नाही, कारण त्याने तो फटका कधी सुटा करून पाहिलेलाच नसतो. दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा पाय चेंडूपर्यंत का पोहोचत नाही, हे ओळखायला मोठी कारकीर्द नको, तासन्‌तास मुलांकडे बघत राहायची चिकाटी हवी. आपल्या क्रिकेट मंडळाचा किंवा संघटनेचा प्रशिक्षकांसाठीचा पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम मात्र आधी स्वतः पूर्ण करा, सोबत प्रथमोपचाराचाही. माजी खेळाडूचं नाव फलकावर असेल तर पहिल्या महिन्यात गर्दी होते. सहाव्या महिन्यात मुलं टिकतात ती कोणाच्या नावामुळे नव्हे, रोज मैदानावर कोण उभं असतं त्यामुळे.

किमान किती जागा लागते?

दोन नेट आणि त्यांच्या शेजारी झेल आणि क्षेत्ररक्षणासाठी मोकळा तुकडा, एवढ्यात चांगली सुरुवात होते. खेळपट्टी २०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद असते. नेटची एक गल्ली साधारण ३.६ मीटर रुंद धरा. लांबी मोजताना नवखा माणूस हमखास चुकतो, कारण तो फक्त खेळपट्टी मोजतो. फलंदाजाच्या मागची जागा आणि वेगवान गोलंदाजाचा रन-अप, म्हणजे धावत येण्याचं अंतर, धरलं की हिशेब खेळपट्टीच्या दुपटीच्या जवळ जातो. रन-अप कापावा लागला की मुलं अडखळत धावायला शिकतात आणि ती सवय पुढे सामन्यातही सुटत नाही.

खेळपट्टी शक्यतो उत्तर-दक्षिण असू द्या. पूर्व-पश्चिम नेटमध्ये सकाळी किंवा संध्याकाळी एका टोकाच्या खेळाडूच्या डोळ्यांवर थेट ऊन येतं, आणि अकादमीची वेळ नेमकी तीच असते. जागा भाड्याने घेताना हे होकायंत्राने तपासा, मालकाच्या शब्दावर जाऊ नका.

मातीची खेळपट्टी करावी की मॅट किंवा सिंथेटिक?

मातीच्या खेळपट्टीला पर्याय नाही, पण ती सांभाळायला माणूस लागतो. चिकण माती, पाणी, रोलर, गवत आणि मग सुकू देणं, हा क्रम रोज कोणीतरी जाणकार नजरेने करायचा असतो. तो माणूस नसेल तर उसळी वरखाली होते आणि ज्या मुलाला चेंडू तोंडावर लागला तो महिनाभर मागच्या पायावर पळत खेळतो. काँक्रीटवर घातलेली सिंथेटिक पट्टी कंटाळवाणी असली तरी भरवशाची असते. लहानांना तीच बरी, चेंडू अपेक्षेप्रमाणे उसळला की त्यांचा हात मोकळा होतो. तिच्यावर उसळी मात्र जास्त मिळते, त्यामुळे मुलं कट आणि पुल पटकन शिकतात आणि खाली राहणाऱ्या चेंडूवर पायचीत होतात. तेरा-चौदा वर्षांच्या पुढच्यांना आठवड्यातून एकदा तरी मातीवर खेळवा. स्वतःची नसेल तर एखाद्या क्लबशी बोलून ठेवा.

काँक्रीटवर वेगवान गोलंदाजी जास्त वेळ टाकू देऊ नका. पाय ज्या जागी आदळतो तिथली पकड आणि मऊपणा आधी पाहा.

बॉलिंग मशीन घ्यावी का?

सुरुवातीला नको. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्याच वर्षी हाताशी होते ते पैसे मशीनमध्ये घातले आणि मुलं काही आठवड्यांत त्यावर झकास खेळायला लागली. पुढे सामन्यात समोर खरा हात आला की तीच मुलं उशिरा हलत होती. फलंदाज चेंडू सुटण्याआधीच गोलंदाजाचा रन-अप, खांदा, मनगट यांतून अंदाज बांधत असतो. मशीनला मनगट नसतं. एखादा ठरावीक फटका घोटवायला किंवा मोठ्या मुलांना वेगाची ओळख करून द्यायला ती ठीक आहे. त्याच पैशांत भरपूर चेंडू, यष्ट्यांचे जादा संच, शंकू आणि एक थ्रोडाउन देणारा, म्हणजे जवळून हाताने चेंडू फेकून देणारा, साहाय्यक मिळत असेल तर डोळे मिटून ते घ्या.

ऑस्ट्रेलियाचे महान फलंदाज डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल गावातल्या घरी पाण्याच्या टाकीच्या गोल विटकामावर गोल्फचा चेंडू आपटून, परत येईल तसा यष्टीने मारत असत. परत येणारा चेंडू कुठे वळेल ते सांगता येत नसे, म्हणून तो सराव इतका कसदार ठरला. भिंत, चेंडू आणि स्टंप प्रत्येक अकादमीत असतात आणि बहुतेक ठिकाणी रिकामे पडून असतात.

एका बॅचमध्ये किती मुलं घ्यावीत?

मला विचाराल तर हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सहसा फीच्या अंगाने विचारला जातो. तो चेंडूंच्या अंगाने विचारून पाहा.

समजा एक नेट, बारा मुलं आणि दीड तास. प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात. पॅड बांधणं, हेल्मेट घालणं, आत-बाहेर जाणं यात दीड मिनिट जातं, उरतात सहा. मिनिटाला चार चेंडू धरले तर मूल २४ चेंडू खेळतं. एकूण २८८ चेंडू पडले, ते बारा जणांनी टाकले, म्हणजे प्रत्येकाने गोलंदाजी केली तीही २४ चेंडूंची. चार षटकं फलंदाजी आणि चार षटकं गोलंदाजी. बाकीचा वेळ ते रांगेत उभं राहून कोणाचा बूट कसा आहे याची चर्चा करतं. घरी जाताना पालक विचारतात, "काय शिकलास?" आणि मूल खांदे उडवतं. ते खोटं बोलत नसतं.

आता त्याच बारा मुलांचे चार-चारचे तीन गट करा. प्रत्येक गट अर्धा तास नेटमध्ये, अर्धा तास जोडीने थ्रोडाउनवर, अर्धा तास झेल आणि फेकीवर. नेटमध्ये चौघंच असल्याने प्रत्येकाला साडेसात मिनिटं तशीच मिळतात, २४ चेंडू खेळायला आणि २४ टाकायला. यात काहीच कमी झालं नाही. वर थ्रोडाउनवर प्रत्येकाला आलटून पालटून पंधरा मिनिटं, मिनिटाला चार चेंडूंनी आणखी ६० चेंडू, आणि झेलाच्या अर्ध्या तासात पन्नासेक झेल सहज. जागा थोडी जास्त लागली, एक साहाय्यक लागला, आणि रांग गायब झाली.

म्हणून माझा आकडा असा: एका प्रशिक्षकामागे आठ ते दहा मुलं, अगदीच झालं तर बारा. नऊ वर्षांखालच्यांना सहाच्या पुढे नको. आणि महिन्यातून एकदा कोणाला तरी कडेला बसवून एका मुलाचे चेंडू मोजायला सांगा. मी पहिल्यांदा मोजले तेव्हा जो मुलगा सर्वांत "आळशी" वाटत होता, त्याला तासाभरात अकरा चेंडू मिळाले होते.

कोणत्या वयाला प्रवेश द्यावा? लेदर बॉल कधीपासून?

सहा-सात वर्षांचं मूल आलं तर घ्या, पण त्याला अकादमीतलं क्रिकेट शिकवू नका. पळणं, थांबणं, दिशा बदलणं, फेकणं, पकडणं, एका पायावर तोल सांभाळणं, एवढंच. मऊ चेंडू आणि प्लॅस्टिकची बॅट चालेल. साधारण दहा-अकराच्या सुमारास, हात आणि धीर बघून, लेदर बॉल द्या. मध्ये काही महिने जड टेनिस बॉल किंवा सिंथेटिक चेंडू वापरला तर चेंडूची भीती बसत नाही. एकदा बसलेली भीती काढायला वर्ष लागतं.

चेंडूही वयाप्रमाणे हवा. पुरुषांच्या क्रिकेटमधला चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तर तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. कागदावर फरक किरकोळ दिसतो, लहान मनगटाला तो चांगलाच जाणवतो.

खेळपट्टीची लांबी कमी करायला अनेक प्रशिक्षकांना कमीपणा वाटतो. तो सोडा. ऑस्ट्रेलियातल्या ज्युनियर क्रिकेटमध्ये सुरुवातीच्या टप्प्यावर १६ मीटरची खेळपट्टी आणि सात जणांचे संघ, पुढच्या टप्प्यावर १८ मीटर आणि नऊ जण, आणि मग पूर्ण लांबी, अशी पायरी आहे. पूर्ण लांबीवर, म्हणजे बावीस यार्डांवर, नऊ वर्षांच्या मुलाचा चेंडू पोहोचावा म्हणून तो तो उंच फेकतो. मग टप्पा बिघडतो, समोरच्याला सरळ बॅटने खेळायला चेंडूच मिळत नाही आणि सामना वाइडमध्ये संपतो. अंतर कमी करा, दोघांचंही तंत्र आपोआप सरळ होतं.

बॅटचं तसंच. "दोन वर्षं पुरेल" म्हणून मोठी बॅट घेतली की खालचा हात घट्ट होतो आणि प्रत्येक फटका मिडविकेटकडे जातो. बॅट पायाशेजारी उभी धरल्यावर मुठीचं टोक जांघेच्या आसपास यावं, त्याहून वर नको.

वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांनी किती चेंडू टाकावेत?

मुलांना वाटतं त्यापेक्षा कमी, आणि मोजून. चेंडू सोडताना पुढचा पाय आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार अंगावर येतो, त्याच क्षणी पाठ वाकलेली आणि पिळलेली असते. वाढत्या वयात मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. अशाने कमरेच्या खालच्या मणक्यांना बारीक तडा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला तो बहुतेक वेळा डाव्या बाजूला जातो. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला अशी मिश्र शैली असेल तर धोका आणखी वाढतो. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सने २०११ मध्ये अठराव्या वर्षी कसोटी पदार्पण केलं आणि पाठीच्या दुखापतींसह इतर दुखण्यांमुळे पुढची कसोटी खेळायला २०१७ उजाडलं. त्याच्यामागे अख्ख्या मंडळाचं वैद्यकीय पथक होतं. तुमच्या अकादमीतल्या मुलामागे तुम्ही आहात.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वयोगटाप्रमाणे मर्यादा आखून दिल्या आहेत. तेरा वर्षांखालच्यांना एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टप्प्यात सलग, ५ आणि दिवसात १० षटकं, पंधरा वर्षांखालच्यांना ६ आणि १२, त्यापुढच्या किशोरांना ७ आणि १८. एक स्पेल संपल्यावर त्याच टोकाकडून तेवढीच षटकं पडेपर्यंत पुन्हा चेंडू हाती द्यायचा नाही. तुमच्या मंडळाचा स्वतःचा नियम असेल तर तो पाळा, नसेल तर हा घ्या.

खरी गोम पुढे आहे. माझ्याकडच्या एका चौदा वर्षांच्या मुलाने कंबर दुखते म्हणून सांगितलं. मी म्हटलं, स्नायू आखडला असेल, दोन दिवस विश्रांती घे. माझ्या नेटमध्ये तो मर्यादेतच टाकत होता. पण सकाळी शाळेच्या संघासाठी, रविवारी क्लबसाठी आणि घरी मोठ्या भावाला, असे त्याचे चार ठिकाणी चेंडू पडत होते आणि ते कोणीच एकत्र मोजत नव्हतं. तपासणीत तडा निघाला आणि अख्खा हंगाम गेला. तेव्हापासून प्रत्येक वेगवान गोलंदाजाची एक छोटी वही आहे. कुठेही टाकलेला प्रत्येक चेंडू त्यात, तारखेसह, मुलाने स्वतः लिहायचा. रविवारी मी बेरीज बघतो. एखाद्या आठवड्यात आकडा आधीच्या आठवड्यांपेक्षा एकदम उडाला असेल तर सोमवारी त्याने फक्त फलंदाजी करायची. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी पूर्ण रन-अपने टाकू देणं हीही तीच चूक.

चेंडू टाकताना एका बाजूला कंबर दुखते, विशेषतः मागे वाकल्यावर, असं मूल म्हणालं तर गोलंदाजी त्या क्षणी बंद आणि डॉक्टरांकडे. मलम नाही, शेक नाही.

सुरक्षिततेसाठी काय अनिवार्य ठेवावं?

लेदर बॉल खेळताना हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज आणि जांघेचं गार्ड. यष्टीजवळ उभ्या राहणाऱ्या यष्टिरक्षकालाही हेल्मेट, किंवा निदान चेहऱ्याचं संरक्षण. हेल्मेट घेताना बीएस ७९२८:२०१३ हे ब्रिटिश मानक आणि मुलाच्या डोक्याचं माप पाहा, जाळी आणि कडा यांतून चेंडू शिरता कामा नये. हेल्मेटवर जोराचा फटका बसला की ते बदला, वरून चांगलं दिसलं तरीही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजला चेंडू मानेवर, हेल्मेटच्या खाली लागला आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर मानेमागच्या जादा संरक्षणाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. मोठ्या मुलांना ते लावा.

डोक्याला मार लागलेलं मूल "सर, मी ठीक आहे" म्हणणारच. त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवायचं नाही, हा निर्णय त्याच्यावर किंवा त्याच्या वडिलांवर सोडायचा नाही.

जवळचं क्षेत्ररक्षण: इंग्लंडमधल्या नियमानुसार पंधरा वर्षांखालचं मूल मधल्या यष्टीपासून ७.३ मीटरच्या आत उभं करता येत नाही, तेरा वर्षांखालचं १० मीटरच्या आत नाही. ऑफ साइडला यष्टीमागे, म्हणजे स्लिपमध्ये, चालतं. सिली पॉइंटला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, छोट्या मुलाला उभं करून धीट बनवणारे प्रशिक्षक अजून आहेत. त्यांच्यापासून मुलं लांब ठेवा.

नेटमधल्या दुखापती बहुतेकदा गोलंदाजाच्या टोकाला होतात. पाठ करून उभा असलेला मुलगा, सरळ आलेला ड्राइव्ह. चेंडू उचलायला वाकलेला कोणीही असेल तर पुढचा चेंडू टाकायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगा आणि फाटलेली जाळी त्याच दिवशी शिवा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा त्याहून कमी लागले तर मैदान रिकामं करा, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परतू नका. झाडाखाली थांबू नका.

मूल फलंदाज की गोलंदाज, हे कधी ठरवायचं?

उशिरा. चौदा-पंधरापर्यंत सगळ्यांनी सगळं करावं, यष्टिरक्षणसुद्धा. सचिन तेंडुलकर १९८७ मध्ये चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये वेगवान गोलंदाज व्हायला गेला होता. तिथे शिकवणारे ऑस्ट्रेलियाचे माजी वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांनी त्याला फलंदाजीकडे लक्ष दे म्हणून सांगितलं. मुथय्या मुरलीधरन शाळेत मध्यमगती टाकत होता, चौदाव्या वर्षी प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून फिरकीकडे वळला. स्टीव्ह स्मिथ २०१० मध्ये पहिली कसोटी खेळला तो लेगस्पिनर म्हणून, आठव्या क्रमांकावर. या तिघांच्या नावापुढे बाराव्या वर्षी कोणी शिक्का मारला असता तर तो चुकीचाच ठरला असता.

लेगस्पिनरचं एक वेगळं सांगतो. तो मार खातोच, वर्षानुवर्षं. कर्णधार त्याला दोन षटकांनंतर काढतो, मग तो सपाट टाकायला लागतो आणि वळवणं विसरतो. अकादमीच्या सरावसामन्यात त्याची किमान षटकं आधीच ठरवून टाका, धावा कितीही जावोत.

वेगळी शैली दिसली तर बदलावी का?

दोन प्रश्न विचारा: यामुळे इजा होईल का, आणि हे नियमात बसतं का? दोन्हींची उत्तरं ठीक असतील तर हात लावू नका. ब्रॅडमन यांची पकड आणि स्लिपकडे जाणारी बॅट पुस्तकी नव्हती. जसप्रीत बुमराचा तोकडा रन-अप आणि ताठ हात कुठल्याही तक्त्यात बसत नाही. लसिथ मलिंगाचंही तेच. चेंडू टाकताना वाकलेलं कोपर सरळ होण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा १५ अंशांची आहे आणि ती नुसत्या डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून संशय आला तर मुलाला सगळ्यांसमोर "फेकतोस" म्हणू नका. बाजूने चित्रीकरण करा, जाणकाराला दाखवा. लहानपणी ही सवय सुटते, विसाव्या वर्षी सुटत नाही.

प्रवेशासाठी निवड चाचणी घ्यावी का?

मुख्य बॅचला नको. चाचणीत बहुधा वयोगटातली थोराड मुलं निवडली जातात. वयोगट ठरवणाऱ्या तारखेच्या एका बाजूला जन्मलेलं मूल दुसऱ्या बाजूच्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं आणि बाराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे खूप. आपण त्याला गुणवत्ता समजतो. त्या मुलाला जास्त नेट, जास्त सामने मिळतात, तो खरंच पुढे जातो आणि आपल्याला वाटतं की आपली नजर अचूक होती. चाचणी घ्यायचीच असेल तर नावापुढे जन्ममहिना लिहा आणि एकाऐवजी चार सत्रांत मुलं पाहा.

मुलींची बॅच वेगळी ठेवावी का?

लहान वयात एकत्र शिकवा. पुढे दोन्ही पर्याय खुले ठेवा आणि मुलींना विचारून ठरवा. चेंडू त्यांचा १४० ते १५१ ग्रॅमचा हवा, कपडे बदलायला बंद जागा आणि स्वच्छतागृह हवं, शक्य तिथे महिला प्रशिक्षक हवी. हे नसताना "मुलींचा प्रतिसाद नाही" अशी तक्रार करू नये. महिलांचा पहिला विश्वचषक १९७३ मध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. हे सांगितलं की मुलं एकदम गप्प होतात.

नेट जास्त की सामने जास्त?

सामन्यासारखा सराव जास्त. नेटमध्ये बाद झालेला मुलगा हसत पुढचा चेंडू मागतो, त्यामुळे विकेटची किंमत त्याला कळत नाही. तेंडुलकरचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो तेंडुलकरला बाद करेल त्याला ते मिळे, तो नाबाद राहिला तर त्याला. अशी तेरा नाणी तेंडुलकरने जपून ठेवली. नाणं ठेवा असं मी म्हणत नाही, पण बाद झाल्यावर काहीतरी जायला हवं: उरलेली मिनिटं, जोडीच्या पाच धावा, काहीही. "सहा चेंडूंत नऊ धावा, क्षेत्ररक्षण असं असं" एवढं सांगितलं तरी नेट बदलतं. गोलंदाजालाही मग क्षेत्ररक्षण लावावं लागतं.

सरावसामन्यात फलंदाजीचा क्रम फिरता ठेवा. दर वेळी अकराव्या क्रमांकावर येणारं मूल सामना खेळत नाही, बघतं.

पालक जाळीमागून सूचना देतात. काय करावं?

प्रवेशाच्या दिवशीच सांगा: सरावाच्या वेळी जाळीपासून लांब, आणि बोलायचं असेल तर महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी, नीट बसून. वडील बाहेरून "पाय टाक" म्हणतात, प्रशिक्षक "थांबून खेळ" म्हणतो आणि मूल दोघांच्या मध्ये बोल्ड होतं. बहुतेक पालक काळजीपोटी बोलतात. त्यांना चेंडू मोजायचं काम द्या, तेही खूश असतात आणि तुमची वहीही भरते. घरी जाताना धावा विचारू नका, एवढी एकच विनंती मी करतो. निम्मे पालक पाळतात.

मुलांच्या लैंगिक आणि मानसिक सुरक्षेबद्दल अकादमीने काय करावं?

लेखी नियम करा आणि भिंतीवर लावा. कोणीही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा नाही. खासगी सराव असेल तर दिसेल अशा जागी. तंत्र दाखवताना हात लावण्याआधी सांगायचं, विचारायचं. निरोप पालकांच्या गटावर, मुलाच्या फोनवर व्यक्तिगत नाही. प्रशिक्षक असो की मैदानावरचा कामगार, नेमण्याआधी त्याची पार्श्वभूमी तपासायची. तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव मुलांनाही माहीत हवं आणि ती व्यक्ती मुख्य प्रशिक्षक नसावी. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, टोपणनावाने चिडवणं, हेही यातच येतं.

फी कशी ठरवावी?

खर्च आधी लिहा. जागेचं भाडं, प्रशिक्षकांचं मानधन, विमा, पाणी, प्रथमोपचार आणि चेंडू. चेंडूंचा खर्च सगळे कमी धरतात, लेदर बॉल सिंथेटिक पट्टीवर फार लवकर खरबरीत होतो. वर्षात काही महिने हवामानामुळे किंवा परीक्षांमुळे मैदान ओस पडणार, भाडं आणि पगार मात्र चालू राहणार, म्हणून हिशेब बारा महिन्यांचा करा. पैसे कमी पडले की पहिला मोह बॅचमध्ये आणखी सहा मुलं घेण्याचा होतो. वरचं चेंडूंचं गणित तेव्हा पुन्हा मांडून पाहा. दहातली एखादी जागा फी न परवडणाऱ्या मुलासाठी ठेवा आणि ती कोणाला दिली हे मुलांना कळू देऊ नका. अकादमीचं सामायिक किट असेल तर हे सोपं जातं.

"तुमच्या मुलाला अमुक संघात नेऊ" असं वचन फीसोबत कधीही देऊ नका.

अकादमी चांगली चालली आहे, हे कशावरून समजायचं?

किती मुलं वरच्या संघात गेली, एवढ्या एकाच गोष्टीवरून कळत नाही. वरच्या संघात जाणारं मूल बरेचदा कुठेही गेलं असतं. मी तीन गोष्टी पाहतो. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी किती परतले. वेगवान गोलंदाजांपैकी किती जण अख्खा हंगाम न दुखता खेळले. आणि सराव संपल्यावर किती मुलं उगाच रेंगाळून एकमेकांना चेंडू टाकत राहतात.

चांगलं तयार झालेलं मूल दुसऱ्या अकादमीत जायला निघालं तर?

जाऊ द्या, आणि नीट पाठवा. "आम्ही घडवला" म्हणून अडवणारे प्रशिक्षक त्या मुलाचा एक हंगाम वाया घालवतात. जाताना त्याच्या वहीची प्रत द्या: आठवड्याला किती चेंडू टाकतो, कुठे दुखलं होतं, कोणत्या वयात उंची एकदम वाढली, कोणता बदल अर्धवट आहे. नव्या सरांना एक फोनही करा. मागच्या वर्षी असा फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, "वही म्हणजे काय?" मी बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी वही समजावून सांगितली.